स्पेनच्या गादीचा तास

बुधवार, १४ जानेवारी २००९

यंदा चारुदत्तच्या ऑफिसातून डायरी आली नाही. दरवर्षी चामड्याची, सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव छापलेली मिळायची आणि मी ती दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत लिहायचे. या वेळी शाळेची शंभरपानी वही. "माणसं चाललीत, तू डायरीचं काय घेऊन बसलीस," असं चारुदत्त, माझा नवरा, म्हणाला. तो इथे आखातात बांधकाम सल्लागारांकडे आहे आणि मंदीत त्यांच्या मजल्यावरची अर्धी टेबलं रिकामी झाली आहेत. आमच्या मरीना भागातल्या घराच्या बाल्कनीतून सहा क्रेन दिसतात. पैकी चार महिनाभर एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत.

शाळेत तिळगूळ वाटला. सुट्टीनंतर अकरा मुलं परतलीच नाहीत. दाखले मागायलासुद्धा कुणी आलं नाही.

इतिहासाच्या आम्ही दोघी. मी हेड ऑफ डिपार्टमेंट, चौदा वर्षांची जुनी. दुसरी तहसीन, तीन वर्षांपूर्वी आलेली, रत्नागिरीकडची, बोलायला गोड आणि वर्गात दंगा घालणारी. दोघींच्या विभागाला हेड कशाला लागतो, असं चारुदत्त विचारतो. त्याला मी उत्तर देत नाही. बारावीचा वर्ग यंदा तिच्याकडे आहे, कारण आमची ईशानी त्या वर्गात आहे आणि आईने लेकीचे पेपर तपासू नयेत असा नियम आहे. नाहीतर दिला नसता.

तहसीनने तिळाचे दोन लाडू घेतले, एक सासूबाईंसाठी. मैमुनाबी सध्या इथे आल्यात. "मॅम, अबरारची नोकरी गेली," नवऱ्याचं हे तिने लाडू रुमालात बांधता बांधता सांगितलं. मी आणखी एक लाडू दिला.

रविवार, १ फेब्रुवारी

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी आठवडा सुरू. आज बारावीच्या वर्गातून एवढा आरडाओरडा, की मी दार उघडून आत गेले. रागवायलाच गेले होते.

फळ्यावर स्पेनचा नकाशा. मधल्या खुर्चीत एक लुकडा मुलगा शाल पांघरून बसलेला. तो स्पेनचा राजा, दुसरा कार्लोस. आजारी, निपुत्रिक, आज मरेल की उद्या या हिशोबावर सगळा युरोप बसलेला. वर्गाची चार दरबारांत वाटणी केलेली होती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला आपल्या नातवासाठी गादी हवी, ऑस्ट्रियाच्या सम्राटाला आपल्या मुलासाठी. इंग्लंड आणि डच यांना दोघांपैकी कुणीच जड व्हायला नको. राजाशी थेट बोलायला बंदी. चिठ्ठी लिहायची आणि ती दरबाऱ्याच्या हातून पाठवायची. दरबारी ती पोचवेल किंवा गिळून टाकेल. आमची ईशानी फ्रान्सची वकील होती आणि दरबाऱ्याला चॉकलेटची लाच देत होती. घरी ती एका वाक्याच्या वर बोलत नाही.

एका मुलाने विचारलं, "मॅम, इज दिस लाइक हिअर?" इथल्या राजघराण्याबद्दल शाळेत बोलायचं नसतं. तहसीन शांतपणे म्हणाली, "वी आर इन सेव्हन्टीन हंड्रेड. यल्ला, लेट्स स्टे देअर." मुलं हसली आणि परत भांडायला लागली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आवाज जरा कमी ठेव. आणि धड्याचा आराखडा दे, मला अपलोड करायचाय."

"दिला होता मॅम, मागच्या रविवारी. तुमच्या टेबलावर आहे."

होता. मी वाचला नव्हता. आज वाचला. चौदा वर्षांत मला असं काही सुचलं नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. शाळेची पाहणी दोन आठवड्यांनी आहे, निरीक्षक वर्गात येऊन बसणार. मॅडमच्या कॉम्प्युटरवर आमच्या विभागाचं फोल्डर उघडं होतं. आमच्याकडे रीत अशी, की सगळे आराखडे हेडच्या लॉगिनने चढवायचे. म्हणजे वर आपोआप माझं नाव येतं. गेली कित्येक वर्षं असंच आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. तहसीनचे आराखडे मी टाइप करते, इंग्रजी सुधारते. या वेळी दोन स्पेलिंगं दुरुस्त केली होती.

मॅडम म्हणाल्या, "मृणालिनी, ये स्पॅनिश सक्सेशन वाला लेसन तुम्हारा है ना? ब्रिलियंट है. इतने सालों से छुपा के रखा था?"

मी म्हटलं, "थँक यू, मॅम."

मग त्यांनी दुसरा विषय काढला. मुलं कमी झाली, पुढच्या सप्टेंबरपासून हिस्टरीत एकच टीचर परवडेल. "मॅनेजमेंट पूछेगा, किसको रखना है. आय वॉन्ट रीझन्स." एवढं बोलून त्या फोनवर लागल्या.

'थँक यू' हे उत्तर होत नाही, मला कळतं. पण त्यांनी विचारलं आणि लगेच पुढे गेल्या. मध्ये बोलायला जागाच नव्हती. उद्या सांगते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मॅडम दिवसभर मीटिंगमध्ये होत्या.

रविवार, १५ फेब्रुवारी

आता तर फारच झालं. निरीक्षकांसमोर तोच तास घ्यायचा ठरलाय, बारावीच्या वर्गावर, आणि घ्यायचा मी. "युअर लेसन, यू टीच."

तहसीनला मी सांगितलं, "मॅडमची इच्छा आहे गं. सीनियर टीचरने घ्यावा म्हणतात." हे खोटं नाही. पूर्णही नाही.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात वर्गाचं काहीतरी चाललं असेल. मग म्हणाली, "काही हरकत नाही मॅम. मी चिठ्ठ्या करून देते. आणि कार्लोसला तुम्ही प्रश्न विचारू नका हां. तो गप्प बसला की बाकीची जास्त बोलतात. कार्लोसच्या मृत्युपत्राचा लिफाफा मात्र शेवटपर्यंत तुमच्याजवळ ठेवा, तो आधी उघडला तर खेळ खलास."

अर्धा तास बसून तिने मला माझा धडा शिकवला. मध्येच म्हणाली की अबरार रोज देरा भागात चुलत्याच्या दुकानी जाऊन बसतो, घरी आईसमोर बसवत नाही म्हणून. अबरारचा आणि दोन्ही मुलांचा व्हिसा आता तहसीनच्या नोकरीवर आहे. इथे बायकोने नवऱ्याला स्पॉन्सर करायचं म्हणजे ती टीचर किंवा डॉक्टर तरी असावी लागते. "देवाची कृपा मॅम, मी बीएड केलं. नाहीतर सगळे परतच गेलो असतो."

मी लिफाफ्यांना चिकटपट्टी लावत होते. मान वर केली नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तास झाला.

दोन निरीक्षक, एक बाई आणि एक बुवा, मागच्या बाकावर. शेजारी प्रिन्सिपल मॅडम. तहसीन कोपऱ्यात, मदतनीस म्हणून. मी सुरुवातीलाच म्हटलं, "दिस इज ॲन ॲक्टिव्हिटी आय हॅव्ह डेव्हलप्ड." पाठ केलेलं वाक्य होतं. ईशानीने वर पाहिलं. मग तिने आपल्या चिठ्ठ्या जुळवायला घेतल्या.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. मुलं गुणी आहेत. ती हा खेळ आधी खेळली आहेत हे त्यांनी जराही दाखवलं नाही, आणि तेच मला सारखं टोचत होतं. त्या नादात इंग्लंडच्या चिठ्ठीऐवजी मृत्युपत्राचाच लिफाफा मी दरबाऱ्याच्या हातात दिला. त्याने तो फोडला आणि मोठ्याने वाचला. सगळं राज्य फ्रान्सच्या नातवाला. वीस मिनिटं शिल्लक आणि राजा मेल्यात जमा. ऑस्ट्रियाचा दरबार मान खाली घालून बसला. मला पुढचं काही आठवेना. खडू हातात घेऊन मी फळ्याकडे वळले, काही लिहायचं नसताना.

तेवढ्यात मागून खोकला आला. "युवर मॅजेस्टी, द रॉयल फिजिशियन बेग्ज अ मोमेंट." तहसीन ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळून पुढे आली, कार्लोसची नाडी पाहिली आणि म्हणाली, ही पहिली प्रत आहे, महाराज अजून जिवंत आहेत, मृत्युपत्र बदलता येईल, कुणाला काही अर्ज करायचा आहे का? वर्ग उसळला. ऑस्ट्रियावाले तर खुर्चीवरच चढले. निरीक्षकबाई हसत हसत लिहीत होत्या.

शेवटी मॅडमनी माझा हात हातात घेतला. "अँड सो नाइस, यू इन्व्हॉल्व्ड युअर जूनियर."

गाडीत ईशानी म्हणाली, "व्हाय डिड यू से इट वॉज युअर्स?"

"अगं, डिपार्टमेंटचं असतं ते. सगळ्यांचं मिळून."

"ओके."

शेख झायेद रोडवर मेट्रोचे खांब मोजत बसली होती, का काय कोण जाणे. घरी येईपर्यंत बोलली नाही. परीक्षेचं टेन्शन आहे तिला.

शुक्रवार, ६ मार्च

चारुदत्तला विनापगारी रजेवर पाठवलंय, दोन महिने. तो म्हणतो रजा आहे. मी म्हणते रजा आहे. ईशानीची परीक्षा मेमध्ये आहे आणि स्टाफची मुलगी म्हणून तिची निम्मी फी माफ आहे. माझी नोकरी गेली तर आम्ही तिघं काय करू, याचा विचार मी आज भाजी चिरताना केला. कांदा चिरून संपला तरी विचार संपेना.

मी वाईट बाई नाही. हे लिहिलं आणि वाचलं. असं लिहावं लागतं म्हणजेच काहीतरी बिनसलंय.

मंगळवार, १० मार्च

मूल्यमापनाचे फॉर्म आले. विभागप्रमुखाने आपल्या टीचरचा भरायचा. शिस्त, वेळ, निकाल, पालकांशी वागणूक. सगळीकडे 'उत्तम' लिहिलं, मोकळ्या मनाने. सातव्या ओळीत 'स्वतंत्र अध्यापन साहित्य'.

या ओळीवर पेन थांबलं. उत्तम लिहिलं तर मॅडम विचारणार, कोणतं साहित्य? तो तास माझा म्हणून निरीक्षकांच्या अहवालात गेलाय. एकच गोष्ट दोघींच्या नावावर कशी असेल?

मी 'समाधानकारक' लिहिलं.

रीतीप्रमाणे खाली ज्याचा फॉर्म त्याचीही सही लागते. तहसीनने माझ्यासमोर सही केली. बराच वेळ कागद हातात धरला होता. मग पेन मागितलं, सही केली आणि म्हणाली, "मॅम, चहा आणू तुमच्यासाठी?" न वाचताच केली असावी.

रविवार, २२ मार्च

पत्र आलं. तहसीनचा करार पुढे वाढवणार नाहीत. जूनअखेर शेवटचा दिवस.

सोमवार, ६ एप्रिल

माणसं किती निलाजरी असतात! तहसीन अजून अडीच महिने इथे आहे आणि स्टाफरूममध्ये तिच्या वस्तूंची वाटणी सुरू झालीसुद्धा. भूगोलाच्या बाईंना तिचं कपाट हवंय, खिडकीजवळचं आहे ना. पीटीच्या सरांना तिचे बुधवारचे दोन रिकामे तास. अकरावीचे वर्ग कुणाला, नववी कुणाला, सगळं तिच्या पाठीमागे नव्हे, तिच्या टेबलाशी उभं राहून. कार्लोस जिवंत असताना इंग्लंड, डच आणि फ्रान्सने त्याला न विचारता त्याच्या राज्याचे तुकडे वाटून घेतले होते. एकदा नाही, दोनदा. बारावीत आम्ही तेच शिकवतो.

तहसीन वही तपासत होती. म्हणाली, "घ्या ना, कपाटाची किल्ली जरा वाकडी लागते, उजवीकडे दाबायची."

मी त्या सगळ्यांना चांगलं सुनावलं. "लाज वाटत नाही का?" असं म्हटलं मी. माझ्या तोंडून. तहसीनने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि तास बुडवून तिथेच बसले.

तिची बारावी, अकरावी, नववी. सगळे वर्ग सप्टेंबरपासून माझे आहेत.

शनिवार, १६ मे

मैमुनाबींनी जेवायला बोलावलं. देऱ्यात, दोन खोल्यांचं घर, अर्धं सामान खोक्यांत. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. चारुदत्त आणि ईशानीही आले.

अबरारला फुजैराला बंदरावर स्टोअरकीपरची नोकरी लागलीय. पगार असा, की कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. तो तिथे सहा जणांच्या खोलीत राहील आणि तहसीन मुलांना आणि सासूला घेऊन गावी जाईल.

"शेअर टॅक्सी पंचवीस दिरहम घेते," अबरार चारुदत्तला सांगत होता. "म्हणजे साडेतीनशे रुपये झाले की! पण चला, काम मिळालं. इन्शाल्ला दोन-तीन वर्षांत परत बोलवतो सगळ्यांना."

मैमुनाबींनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. "बाय, तू हिला लै सांभाळलंस. ही रोज तुझंच नाव घेते. मॅमनी हे शिकवलं, मॅमनी ते शिकवलं."

मी तहसीनकडे पाहिलं. ती तिच्या धाकट्याला भरवत होती. ईशानीने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "कॅन आय गेट सम वॉटर?" आणि उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही.

तांदळाची भाकरी होती, कालवण होतं. सगळं उत्तम होतं.

सोमवार, २२ जून

आज मी गेले मॅडमकडे. उशिरा का होईना, गेले. तहसीनचे तीन दिवस राहिलेत. सकाळी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"मॅम, तो स्पॅनिश सक्सेशनचा लेसन माझा नव्हता. तहसीनचा होता. सगळाच. मी नुसता टाइप केला."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता रागावतील. तयारी करूनच गेले होते.

"आय नो," त्या म्हणाल्या. "तुम्हारी बेटी आयी थी."

मला आधी समजलंच नाही.

"मार्च में. लेटर जाने से पहले. यहीं खडी थी. बोली, मॅम, दॅट इज मिस तहसीन्स गेम, माय मदर वोन्ट से इट, सो आय ॲम सेइंग इट. मैंने बोला, बेटा, तुम जाओ, मम्मी को आने दो." त्यांनी चष्मा परत घातला. "दस दिन वो लेटर मेरे ड्रॉवर में था, मृणालिनी. तुम आती तो मैं मॅनेजमेंट से लडती. बोलती, दो अच्छे टीचर हैं, दोनों को आधे-आधे पे रखो, एक साल निकल जाएगा. लेकिन तुम्हारी तरफ से तो वो फॉर्म आया. सॅटिसफॅक्टरी."

"आता काही होऊ शकतं का?"

"अब? नहीं. सप्टेंबर का टाइमटेबल बन गया. तुम्हारा ही नाम है."

तिथून निघाले तेव्हा कॉरिडॉरमध्ये मुलं होती, "गुड मॉर्निंग मॅम" म्हणत होती. मी सगळ्यांना उत्तर दिलं.

माझी पोर तिथे एकटी उभी राहिली. तिच्या आईचं काम करायला. त्या दिवशी घरी येऊन ती माझ्याच हातचं जेवली असेल, मी तिला अभ्यास कर म्हणून ओरडलेही असेन. मला तो दिवस आठवत नाही. आमच्याकडे कुणी कुणाला काही बोलत नाही.

गुरुवार, २५ जून

तहसीनचा शेवटचा दिवस. मुलांनी कार्ड दिलं, केक कापला. सगळ्यांसमोर तिला सांगायचं ठरवलं होतं. भाषणाला उभी राहिले आणि "आमच्या विभागाचं मोठं नुकसान" असं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या.

गुरुवार, १३ ऑगस्ट

निकाल लागला. ईशानीला हिस्टरीत ए मिळाला, बाकीच्यांत बी. स्पेनवरच मोठा प्रश्न आला होता म्हणे.

चारुदत्तने पेढे आणायला धाव घेतली. ईशानी फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि तिने सगळ्यात आधी रत्नागिरीला फोन लावला. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने दाराशी उभी होते. आमच्याशी इंग्रजीत एकेक शब्द टाकणारी माझी मुलगी भरभरून मराठी बोलत होती. "मिस, मला ए मिळाला! हो, तोच प्रश्न! मी चिठ्ठ्यांचं सगळं लिहिलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. तुम्ही कशा आहात? अबरार अंकल येऊन गेले का? बाळ शाळेत जातो का?" असं दहा मिनिटं.

मग तिने वळून फोन माझ्यापुढे धरला. "बोल," म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, फक्त बघत राहिली.

"मॅम, अभिनंदन हो!" तहसीनचा आवाज लांबून येत होता, मागे कोंबड्यांचा कलकलाट. "पोरीने नाव काढलं तुमचं."

"तहसीन," मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. तो तास... आणि तो फॉर्म मी..."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज लांब गेला.

"मॅम, मला माहीत आहे," ती म्हणाली. "वाचूनच सही केली होती मी. ईशानी जवळ उभी आहे ना? मग आत्ता नको. पोरीसमोर नको. ती तुम्हाला मानते. पुन्हा कधीतरी बोलू."

ईशानी हातभर अंतरावर उभी होती. तिला सगळं माहीत आहे, मार्चपासून माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. एवढं सांगितलं असतं, की अगं, ती जाणते, तर मला पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. तहसीनला मात्र वाटत होतं की ती माझी अब्रू राखते आहे.

मी म्हटलं, "बरं. पुन्हा बोलू." आणि मला सुटल्यासारखं वाटलं. गेल्या सहा महिन्यांत जे काही केलं, त्या सगळ्यापेक्षा मला या सुटल्यासारखं वाटण्याची जास्त लाज वाटते.

ईशानीने फोनसाठी हात पुढे केला. मी दिला. "मिस न्यू? ऑल अलाँग?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.